आधी पोट बघा

आजच्या पोस्टची सुरुवात शीपासून होणार आहे, त्यामुळे जेवता जेवता मोबाईल बघत असाल तर आत्ता ठेवा आणि नंतर वाचा.

आमच्या लेकाला मी इथे बंड्या म्हणते. खरं नाव लिहीत नाही, कारण उद्या मोठा झाल्यावर स्वतःबद्दलच्या असल्या गोष्टी नेटवर पडलेल्या त्याला आवडतील की नाही कोण जाणे. आत्ता विचारलं तर "नाही" म्हणतो, पण तो सगळ्यालाच आधी नाही म्हणतो, श्रीखंडाला सुद्धा. वय १२, ऑटिझम आहे. (सरकारी कागदावर स्वमग्नता लिहितात, मला तो शब्द अजिबात पटत नाही, स्वतःत मग्न वगैरे काही नसतो तो, आतल्या खोलीत आम्ही दोघं कुजबुजलो तरी बाहेर त्याला सगळं ऐकू जातं.) बोलतो कामापुरतं. पाणी, गाडी, चल, बस, टीव्ही. पण दुखतंय हे सांगत नाही. पडला, गुडघा फुटला, रक्त आलं तरी सांगत नाही, आपल्याला चड्डीवर डाग दिसला की कळतं.

तो ७ वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने डोकं आपटायला सुरुवात केली. आधी उशीवर, मग पलंगाच्या कडेवर, मग सरळ भिंतीवर. साधारण संध्याकाळी पाच-साडेपाचला सुरू व्हायचं, रात्रीपर्यंत अधूनमधून चालायचं, स्वतःच्या मनगटाला चावायचा, दात उमटायचे. आणि मधल्या वेळात सोफ्याच्या हातावर पोट टाकून लोंबकळत राहायचा, अर्धा अर्धा तास. आम्ही काय म्हणायचो माहितीये का, बघा कसा सेन्सरी इनपुट घेतोय, ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मॅडमनी सांगितलंय ना त्याला डीप प्रेशर, म्हणजे अंगावर घट्ट दाब, आवडतं. मी तर त्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला होता, खाली हसणारे तीन चेहरे लावून. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे, डिलीट केला नाही, पण बघवत पण नाही.

ज्या डॉक्टरांकडे जायचो (नाव लिहिणार नाही, माणूस वाईट नाही) त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले ऑटिझममध्ये हे असतं, वय वाढेल तसं बिहेवियर वाढतं, आणि रिस्पेरिडोनचा (चिडचिड, आपटाआपटी कमी व्हावी म्हणून देतात ते औषध) डोस वाढवून दिला. डोस वाढला तशी भूक वाढली, सहा महिन्यांत चार किलो वजन वाढलं, डोकं आपटणं तसंच. त्यात चड्डी खराब व्हायला लागली, दिवसातून तीन-चार वेळा पातळ काहीतरी लागलेलं असायचं, म्हणजे आमच्या मते जुलाब. मग सासूबाईंनी जायफळ उगाळून दिलं, साबुदाण्याची पेज, केळं, दहीभात, पोट बांधून येईल असं जे जे घरात माहीत होतं ते सगळं आम्ही त्याला महिनाभर मनापासून खाऊ घातलं.

माझी मामेबहीण अमेरिकेत असते, ओहायोत, कोलंबसला. तिचा मुलगा आमच्यापेक्षा दीड वर्षाने मोठा, त्यालाही ऑटिझम आहे (हो, एकाच घरात दोन, लग्नाकार्यात आमच्याकडे बघून लोक काय बोलतात ते वेगळ्या पोस्टचं मटेरियल आहे). तिला मी रडत फोन केला, तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकदम विचारलं, "ताई, तो पोट दाबतो का गं कशावर? टेबलाच्या कडेवर, खुर्चीवर असं?" मी गप्पच. सोफा. मग म्हणाली पोटाचा एक्स-रे काढायला सांग, आणि जुलाबाचं सगळं बंद कर आधी.

दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि हात ठेवल्या ठेवल्याच त्यांचा चेहरा बदलला, तरी माझ्या समाधानासाठी फोटो काढला, उजेडासमोर धरून बोटाने दाखवलं, हे इथून इथपर्यंत सगळं शी आहे. जुलाब नव्हतेच. आत घट्ट गोळा अडकलेला होता आणि त्याच्या कडेने पातळ ओघळ बाहेर येत होता, आणि आम्ही ओघळ थांबवायला वरून केळी भरत होतो. संध्याकाळीच का, तर दुपारच्या जेवणानंतर आतडी हलायला लागली की त्या गोळ्यावर जोर यायचा असं त्यांचं म्हणणं. आधी तीन दिवस पोट पूर्ण साफ करणं, मग पाण्यात विरघळणारी पावडर रोज, आणि ती एक-दोन आठवडे नाही, आठ महिने, कारण आतडं ताणून ताणून सैल झालेलं असतं, ते परत आकसून यायला वेळ लागतो. घाईने पावडर बंद केली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आमचं एकदा झालंय तसं.

आणि कमोडवर बसताना पायाखाली पाट. हा पाट फार महत्त्वाचा. लहान मुलाचे पाय कमोडवरून लोंबकळतात, जोर लावताच येत नाही. गावाकडे आजोबांच्या संडासात उकिडवं बसून त्याचं नीट व्हायचं आणि आम्हाला वाटायचं हवापाण्याचा फरक आहे!

तीन आठवड्यांत डोकं आपटणं निम्म्याहून कमी झालं. संपलं नाही. ऑटिझम होता तिथेच आहे, हे मुद्दाम लिहिते कारण असल्या गोष्टी फॉरवर्ड होता होता "पोट साफ केलं आणि ऑटिझम गेला" अशा होतात. ऑटिझम गेला नाही, पोटदुखी गेली. आणि ती आपटाआपटी बरीचशी पोटदुखीच होती.

मग मी बहिणीला विचारलं तुला कसं सुचलं, तू काय डॉक्टर आहेस का. तर म्हणाली त्यांच्या क्लिनिकमध्ये दर खेपेला एक जाडजूड फॉर्म भरायला लागतो, झोप कशी, शी कशी, खातो काय, दात घासतो का, फिट येते का, आणि तो भरून भरून तिची नजरच तशी झालीये. हे क्लिनिक म्हणजे ऑटिझम ट्रीटमेंट नेटवर्क नावाच्या साखळीतलं, अमेरिका आणि कॅनडात मिळून एके काळी १७ केंद्रं होती त्यात, आणि सगळीकडे साधारण तेच प्रश्न विचारून माहिती एका ठिकाणी जमवत होते. तिला तो फॉर्म म्हणजे वैताग वाटायचा. त्या फॉर्मने माझ्या पोराचं पोट नाशिकमध्ये बसून सापडलं.

तेव्हापासून मी हे सगळं शोधून वाचायला लागले, रात्री दीडपर्यंत, बंड्या जागाच असायचा म्हणून मी पण. (झोपेचं पुढे येतंय.)

तर मुद्दा असा की अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने २००८ साली एक वेगळं संशोधन जाळं सुरू केलं, एआयआर-पी म्हणतात त्याला, आणि त्यातला शेवटचा पी म्हणजे फिजिकल हेल्थ. शरीर. मेंदू नाही, जीन नाही, कारण शोधणं नाही. आज ही मुलं आहेत, त्यांचं पोट, झोप, दात, वजन याचं काय करायचं, एवढंच. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून ते चालायचं, डॉ. जेम्स पेरिन म्हणून बालरोगतज्ज्ञ प्रमुख होते, आणि वर सांगितलेली ट्रीटमेंट नेटवर्कची केंद्रं हीच त्यांची प्रयोगशाळा. पैसा ज्या कायद्यातून आला त्याचं २००६ सालचं नाव होतं कॉम्बॅटिंग ऑटिझम ॲक्ट. म्हणजे ऑटिझमशी लढा. लढायचं कोणाशी, माझ्या पोराशी? यावर तिकडे पण लोक चिडले असणार, कारण २०१४ मध्ये नाव बदलून ऑटिझम केअर्स ॲक्ट केलं. नाव बदलल्याने काय होतं असं नवरा म्हणतो. मला तर बरं वाटलं.

एकत्र येऊन संशोधन करण्याची गरज काय, तर एका हॉस्पिटलात अशी मुलं असून असून किती असणार. साखळीतल्या केंद्रांची माहिती एकत्र केली तेव्हा २,९७३ मुलांचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात २४ टक्के मुलांना पोटाची किमान एक तरी जुनाट तक्रार होती, म्हणजे चारातल्या एकाला, आणि ज्यांना पोटाचा त्रास त्यांच्यात भीती-चिंता आणि आवाज-स्पर्शाचा त्रास पण जास्त. कशामुळे काय हे त्यातून ठरत नाही, पण तिन्ही एकमेकांच्या हातात हात घालून येतात हे कळलं. त्याआधी २०१० साली पोटाच्या आणि बाकीच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून एक मसुदा लिहिला होता, त्यात न बोलणाऱ्या मुलाचं पोट दुखत असेल तर तो कसा वागेल याची यादी आहे. सारखं खाकरणं, दात खाणं, तोंड वेडंवाकडं करणं, बोटाने घशावर टकटक करणं, सतत खात-पीत राहणं, पोटावर दाब देणं. पोटावर दाब देणं! २०१० साली लिहून ठेवलंय आणि मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी सोफ्याचा व्हिडिओ काढून हसणारे चेहरे लावत होते. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टरांना तरी कोणी सांगितलं होतं?

आता झोप. बंड्या रात्री एक-दीडपर्यंत जागा, सकाळी साडेसहाला शाळेची रिक्षा. तिकडच्या साखळीने पालकांसाठी झोपेची पुस्तिका काढलीये, फुकट मिळते, मी प्रिंट काढून फ्रीजवर लावली. फ्रीजवर लावल्याने अर्थातच काही झालं नाही, ती तिथेच पिवळी पडली. नंतर वाचलं तर ह्या लोकांनी तोच प्रयोग करून पाहिलाय, नुसती पुस्तिका हातात दिली तर मुलांना झोप लागायला काही फारशी मदत होत नाही असं निघालं. मला इतकं हसू आलं ना, म्हणजे माझा फ्रीज एकटा नव्हता. मग पुढचा अभ्यास त्यांनी केला, २०१४ मध्ये छापून आला, नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉ. बेथ मॅलो यांच्या टीमचा, २ ते १० वयाची ८० मुलं, तीन शहरांत. आईबापाला समोर बसवून शिकवायचं, काहींना एकटं एक तास, काहींना गटात दोन दोन तास दोनदा, वर दोन फोन. मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारं घड्याळासारखं यंत्र, म्हणजे आई काय म्हणते त्यावर सगळं नाही. झोप लागायला आधी सरासरी ५८ मिनिटं लागायची ती ४० च्या आसपास आली. आणि एकटं शिकवा नाहीतर गटात, फरक सारखाच.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी उठून बसले. गटात चालतं ना मग! आमच्या थेरपी सेंटरच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही सहा आया रोज पाऊण तास मोबाईल बघत बसायचो. त्या खुर्च्या गोल केल्या, बस. एकीचा मुलगा आईचं बोट धरल्याशिवाय झोपत नाही, एकीच्या घरी रात्री अकराला सीरियल संपल्यावर जेवणं, एकीचं एकाच खोलीत पाच माणसांचं बिऱ्हाड, तिथे अंधार करायचा कसा. अमेरिकेतल्या पुस्तिकेत मुलाची वेगळी खोली गृहीत धरलेली असते, आपल्याकडे आजी शेजारी पोथी वाचत असते. पण बाकीचं लागू पडतं. आम्ही चार चित्रं काढली, दूध, दात, शू, गादी, रोज त्याच क्रमाने, आणि मुख्य म्हणजे दुपारची झोप बंद आणि संध्याकाळी गोदाकाठी दमेपर्यंत चालणं. अडीच महिने लागले. आता साडेदहा-अकराला झोपतो. कधी कधी नाही झोपत. मेलाटोनिनचं (झोप लागायला देतात ते) विचारू नका, ते डॉक्टरांना विचारा, आमच्या गटातल्या दोघी देतात, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, दुकानातून उचलून नाही.

खाण्याचं लिहायला घेतलं तर ब्लॉग संपणार नाही. गहू बंद, दूध बंद ही साथ आपल्याकडे केवढी पसरलीये तुम्हाला माहितीच आहे, आम्ही पण केलं, चार महिने, घरात ज्वारी-नाचणीची दोन दोन पिठं, लग्नाला डबा घेऊन जायचं, पेढा खाल्ला म्हणून मी त्याच्यावर ओरडले आहे, देव मला क्षमा करो. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या डॉ. सुझन हायमन यांनी यावर नीट प्रयोग केला. मुलांना आधी काटेकोर पथ्यावर ठेवलं, मग खाऊमधून लपवून कधी गव्हातलं प्रथिन, कधी दुधातलं, कधी दोन्ही, कधी काहीच नाही, आणि कोणाला काय दिलं हे घरच्यांना पण माहीत नाही आणि तपासणाऱ्यांना पण नाही. वागण्यात, झोपेत, पोटात, काही फरक दिसला नाही. प्रयोग पूर्ण केलेली मुलं फक्त १४, म्हणजे शेवटचा शब्द म्हणता येणार नाही, पण तेवढ्या कडक पथ्यावर १४ घरं टिकली हेच मला थोर वाटलं, मी चार महिन्यांत थकले होते. ज्या मुलाला खरंच गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिएक (गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) आहे त्याची गोष्ट वेगळी, त्याची तपासणी करा ना, रक्ताची टेस्ट असते.

टॉनिकं आणि गोळ्यांचं पण तसंच. २८८ मुलांचा एक अभ्यास आहे २०१५ चा, निम्म्याहून जास्त, ५६ टक्के मुलांना घरचे काही ना काही सप्लिमेंट देत होते. गंमत म्हणजे गोळ्या घेऊनसुद्धा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमीच पडत होतं, आणि व्हिटॅमिन ए, फोलिक ॲसिड, झिंक मात्र मर्यादेपेक्षा जास्त जात होतं. म्हणजे जे कमी आहे ते मिळत नाही आणि जे पुरेसं आहे त्याचा भडिमार, वर खिशाला चाट. माझ्या कपाटात तेव्हा अकराशे रुपयांची एक बाटली होती, परदेशातून मागवलेली. नवऱ्याला किंमत सहाशे सांगितली होती. तो हे वाचतो, असो.

वजनाचा अभ्यास पण ह्याच साखळीचा, ५,०५३ मुलं, त्यातली साधारण एक तृतीयांश वजनाने जास्त आणि १८ टक्के लठ्ठ. बाकीच्या अमेरिकन मुलांपेक्षा फार वेगळं नाही, मुळात तिथे सगळीच मुलं वजनदार, पण अगदी लहान वयात, २ ते ५ मध्ये, फरक ठळक होता. म्हणजे वजन शाळेच्या डब्याने वाढत नाही, त्याच्याही आधीपासून वाढतं. बंड्याचं औषधाने वाढलं हे मी सांगितलंच. पुढे पोट ठीक झाल्यावर नव्या डॉक्टरांनी हळूहळू डोस खाली आणला. तुम्ही आपल्या मनाने आणू नका, एकदम बंद तर मुळीच नको.

रक्त काढणं हा आमच्याकडे एक समारंभ असतो. पूर्वी चार माणसं धरायची. एकदा लॅबच्या दादांचा चष्मा फुटला, त्याचे पैसे दिले. तिकडच्या पुस्तिकांत रक्त काढण्यावर वेगळी आहे, दातांवर वेगळी, शू-शीच्या सवयीची वेगळी. त्यातलं आम्ही काय उचललं तर आधी चित्रं दाखवायची, बाहुल्याच्या हाताला रबर बांधून सराव, तासभर आधी कोपराच्या खळीत बधिर करणारं क्रीम, आणि सगळ्यात मोठं म्हणजे "काही नाही होणार" असं खोटं बोलायचं नाही. टोचेल, पाच आकडे मोजू, संपलं. आता दोन माणसांत होतं. मी आणि दादा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा दादाच म्हणाले, "मॅडम, हा तोच मुलगा ना?"

एक गोष्ट मला या सगळ्यात खरी मोलाची वाटते. हे प्रश्न आले कुठून? जगातल्या मोठ्या लॅबमध्ये कोणी सकाळी उठून ठरवत नाही की आज आपण ऑटिझम असलेल्या मुलाच्या बद्धकोष्ठावर नाव काढू, त्याला नोबेल नाही मिळत. केंद्रांमधल्या पालकांच्या समित्या होत्या, त्यांना विचारून विषय ठरायचे, पुस्तिका पालक वाचून दुरुस्त करायचे. २०२० पासून ते जाळं लॉस एंजेलिसला यूसीएलए विद्यापीठात गेलं, डॉ. ॲलिस कुओ यांच्याकडे, आणि त्यात स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक पण बसायला लागले, काय अभ्यासायचं आणि कसं यावर बोलायला लागले. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळणार हे मान्य करायला मला जरा वेळ लागला. आईला सगळं कळतं असं आपणच म्हणत आलो ना.

सगळं गोड गोड नाहीये. मिसूरी विद्यापीठाने एको ऑटिझम नावाचा कार्यक्रम काढला, गावोगावच्या साध्या डॉक्टरांना व्हिडिओवर तज्ज्ञांशी जोडायचं, केसवर चर्चा करायची. कल्पना मूळची डॉ. संजीव अरोरा यांची, न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये हिपॅटायटिस सी ह्या काविळीच्या आजारासाठी त्यांनी ते सुरू केलं होतं. ऑटिझमच्या कार्यक्रमाची दहा केंद्रांत, १४८ डॉक्टरांवर नीट चाचणी घेतली, २०२० मध्ये निकाल आला. डॉक्टरांचं ज्ञान वाढलं, आत्मविश्वास वाढला, पण प्रत्यक्ष दवाखान्यात तपासण्याच्या पद्धतीत म्हणावा तसा फरक दिसला नाही. हे त्यांनी छापलं. आपल्याकडे एका दिवसाच्या कार्यशाळेनंतर ग्रुप फोटो काढतात आणि कार्यक्रम यशस्वी झाला असं पेपरात येतं, त्यामुळे "जमलं नाही" हे छापणाऱ्यांचं मला विशेष वाटतं.

आणि आपल्या शेजारी गोव्यात. संगाथ संस्थेने मँचेस्टरच्या लोकांबरोबर आणि सीमेपलीकडे रावळपिंडीच्या लोकांबरोबर मिळून काम केलं, हो, गोवा आणि रावळपिंडी एकाच अभ्यासात, ६५ मुलं, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आलं. तज्ज्ञ थेरपिस्ट नाहीत तर साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून घरी पाठवायचं, त्यांनी आईबापाला शिकवायचं. ते संवादावर होतं, मुलाशी कसं खेळायचं बोलायचं यावर. त्याच कामाला पुढे पास प्लस म्हणून जोड दिली, त्यात झोप, खाणं, संडास असल्या घरोघरच्या अडचणी पण आल्या. बोस्टन असो की गोव्यातलं बार्देश, आईला विचारलं की ती शेवटी तिथेच येते, रात्री झोपत नाही हो, आणि पोट साफ होत नाही.

आमच्या सहाजणींच्या गटाचे आता चौदा झालेत, त्यात दोन बाबा. गेल्या महिन्यात ठरलं की पोटाची माहिती मराठीत चार पानांत लिहायची, आशाताईंना पण देता येईल अशी. लिहायला मी बसले कारण ब्लॉग लिहिते म्हणे. पहिल्याच परिच्छेदाला अडकले. मल लिहू की शौच लिहू, मलविसर्जन लिहिलं तर आमच्यातल्या दोघी म्हणाल्या हे नगरपालिकेची नोटीस वाटते. मग सरळ शी लिहिलं. पण मूल मुद्दाम शी रोखून ठेवतं, पाय आवळतं, टाचांवर उभं राहतं, त्याला काय म्हणायचं, मी रोध, अवरोध, धारण असले शब्द लिहून खोडत होते, तर सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं दाबून धरतो म्हण की. आणि मग खडा होतो."

मी लिहिलं, मूल शी दाबून धरतं आणि मग खडा होतो. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बाकी सगळीकडे लाल पेन चालवलं, हे वाक्य तसंच ठेवलंय. सासूबाईंना तेवढं सांगितलं, तर म्हणाल्या जायफळाचं पण लिहिलंस का, देऊ नका म्हणून. ते राहिलंच होतं, आज रात्री घालते.